चौदा पानांची कातरण

मावशीच्या बाइंडिंगच्या दुकानात चाळीस वर्षांत एकही पुस्तक वाकडं कापलं गेलेलं नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याच्या हातात गुण्या द्यायची. लोक हसून गुण्या परत करायचे. एका वकिलाने मात्र एकदा खरंच काटकोन लावून बघितला. त्यानंतर त्याची पुस्तकं मावशीने कायम सगळ्यात शेवटी हातात घेतली.

ते दुकान ती आता बंद करत होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, चांगलंही झालं होतं, पण सुईत दोरा ओवायला भाचीला फोन करावा लागतो तिथे धंदा कसला करायचा, असं तिचं सरळ म्हणणं. शनिवारी सकाळी भाची आवराआवरीला आली. दोघी खाली बसून पुठ्ठे, कापडाचे तुकडे, सुया, खळीची भांडी वेगवेगळी करू लागल्या. भिंतीशी कटिंग मशीन उभं होतं, हातभर लांब पात्याचं. त्याच्यासमोर मावशी अजूनही पदर सावरूनच जायची.

भाचीचं काम काय, हे घरात कोणालाच धड सांगता यायचं नाही. मावशीने आपल्यापुरतं सोपं करून घेतलं होतं: "ती लोकांची पत्रं फोडते." यात फारसं खोटं नव्हतं. भाचीची कंपनी लोकांच्या जुन्या ईमेल एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवून द्यायची, आणि त्या ईमेल आतून वाचणारा, त्यांचे भाग सुटे करणारा प्रोग्राम भाचीने लिहिला होता. ऑफिसात तिला पोस्टमास्तरीण म्हणायचे.

आपल्याला पडद्यावर दिसतं ते पत्र नीटनेटकं असतं. आतून ते अक्षरांचं लांबलचक भेंडोळं असतं. वर पत्ता, तारीख आणि पत्र कसल्या प्रकारचं आहे त्याची नोंद, मग हद्दीच्या दगडासारखी एक विचित्र ओळ, तिच्याखाली एक भाग, पुन्हा तीच ओळ, पुन्हा दुसरा भाग. फोटो असो, गाणं असो, डॉक्टरांचा रिपोर्ट असो, सगळ्याची अक्षरं होतात. इंग्रजीची सव्वीस मोठी, सव्वीस लहान, दहा आकडे आणि दोन चिन्हं. एवढ्या चौसष्ट खुणांत जगातली कुठलीही वस्तू मावते. भाचीला या गोष्टीचं पहिल्या वर्षी फार नवल वाटलं होतं. मग रोजचं झालं, आणि रोजच्या गोष्टीचं नवल करायला ऑफिसात कोणाला वेळ असतो?

दुपारी मावशीने कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि एक पातळ, राखाडी कापडाचं पुस्तक बाहेर काढलं. वर नाव नव्हतं. ते तिने भाचीकडे न बघताच पुढे केलं.

"तुझ्या ऑफिसात असली रद्दी असते ना? घेऊन जा. मला टाकवत नाही."

भाचीने पहिलं पान उघडलं. वर इंग्रजीत चार-पाच ओळी, आणि खाली अक्षरांची भिंत. मोठी, लहान, आकडे, ना कुठे जागा सोडलेली ना एकही शब्द. तिने दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. सगळं तसंच.

"मावशी, हे काय आहे?"

"तुझ्या काकांचं शेवटचं पत्र. पत्र म्हणायचं तर."

काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, गोष्ट घरात सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत होती. ते हवामान खात्यात यंत्रं सांभाळायचे. जगाच्या टोकाला, जिथे बर्फ आणि वारा सोडून शेजारी नाही, अशा एका केंद्रावर वर्षभरासाठी म्हणून गेले आणि एकाची तीन वर्षं झाली. दर वेळी मुदत वाढवायचा कागद यायचा, दर वेळी ते सही करायचे. मावशीकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. खात्याच्या ऑफिसातला कारकून काकांच्या मेल छापून द्यायचा आणि मावशी सांगेल ते टाइप करून पाठवायचा. चौथ्या वर्षाचा कागद निघाल्याचं कळलं तेव्हा मावशी त्याच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लिहा. येणार आहात की नाही? एका शब्दात सांगा." कारकुनाने विचारलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच."

उत्तरादाखल दोन दिवसांत सात मेल आल्या, सातही अशा. कारकुनाने चौदा पानं छापून हातात दिली आणि मशीन बिघडलं असेल म्हणाला. त्यानंतर चार दिवसांनी खात्याचा माणूस घरी आला. काका गेले होते. रात्री झोपले ते उठलेच नाहीत.

दीर म्हणाले, एकटं राहून दादाचं डोकं फिरलं होतं, ही पानं बघा ना. घरात तेच कायम झालं, आणि काकांचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणायला लागले. मावशी यावर कधी बोलली नाही. तिच्या मनात दोनच शक्यता होत्या. एक तर दीर म्हणत होते ते खरं, नाहीतर काकांनी चिडून थट्टा केली होती: एक शब्द मागतेस काय, घे चौदा पानं. यातलं जास्त वाईट कोणतं, हेही तिला बावीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

"म्हणून मी बांधून ठेवलं," ती म्हणाली. "सुटी पानं उडतात. बांधलेलं कपाटात राहतं."

भाचीचं लक्ष आता खालच्या भिंतीकडे नव्हतं, वरच्या चार ओळींकडे होतं. ती पुन्हा पहिल्या पानावर गेली, मग तिसऱ्या, मग पाचव्या. प्रत्येक मेलच्या डोक्यावर एकच लांबलचक खूण होती, अक्षरन् अक्षर तीच. आणि तिच्या शेजारी: क्रमांक एक, एकूण सात. क्रमांक दोन, एकूण सात. क्रमांक पाच, एकूण सात.

"मावशी, काका वेडे झाले नव्हते."

मावशीच्या हातातली सुयांची डबी तशीच राहिली.

"ही सात पत्रं नाहीत. एकच आहे. जड पत्र एका खेपेत जात नसेल तर मशीन त्याचे तुकडे करतं, प्रत्येकावर नंबर घालतं. पलीकडच्या मशीनने ते ओळखून जोडायचे असतात. कारकुनाच्या मशीनला ते कळलं नाही. त्याने आतलं जसं होतं तसं छापून दिलं."

हे सांगताना भाचीचा चेहरा उतरला, आणि त्याला कारण होतं. तुकड्यांच्या पत्रांचा हा प्रकार तिने पुस्तकात वाचला होता, प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या प्रोग्राममध्ये तिने त्याच्यासमोर लिहून ठेवलं होतं, की असलं आता कोणी वापरत नाही, सापडलं तर सोडून पुढे जावं. कारकुनाला नावं ठेवायला तिला तोंड नव्हतं. सोमवारी तिने ऑफिसात पहिल्यांदा काय केलं असेल तर आजवर किती तुकडे असे सोडले गेले ते शोधलं. अकरा निघाले. अकरा कोणाकोणाचे होते देव जाणे. तिने त्या सगळ्यांना पत्रं लिहिली आणि प्रोग्राममधली ती ओळ काढून टाकली.

पण हे पुढचं. शनिवारी दुपारी ती दुकानातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि एक नंबरच्या तुकड्याच्या पहिल्या दहा-अकरा ओळी हाताने टाइप केल्या. तिथेच घोळ लक्षात आला. ओळ शहात्तर अक्षरांची असायला हवी. ती मोजायची तर पंचाहत्तर भरायची. दुसऱ्या पानावर चौऱ्याहत्तर. तिने पान उजेडात धरलं. उजव्या कडेला काही अक्षरं उभी चिरलेली होती, अर्धी होती, अर्धी नव्हती.

"कड कापलीस?"

मावशीने कडेवरून बोट फिरवलं. मजकुराला पातं लागू द्यायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. शिकाऊ पोरी रडेपर्यंत तो तिने घोकून घेतला होता.

"पानं पुढेमागे झाली होती," ती शेवटी म्हणाली. "छापताना कागद सरकला होता. मला वाटलं, यात मजकूरच नाही, तर निदान कड तरी सरळ असू दे."

भाचीने हरवलेल्या जागी काहीतरी अक्षर घालून मशीनला ओळी उलगडायला सांगितल्या. पडद्यावर मराठी उमटलं. दर पंधरा-वीस अक्षरांमागे एक फुटलेलं होतं, तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन. पण वाचता येत होतं. भाचीने मोठ्याने वाचलं, आणि चौकोन आले तिथे अंदाजाने भरलं:

"लिहिलेलं कोरडं वाटतं, सूर कळत नाही, असं तू नेहमी म्हणतेस. म्हणून या वेळी बोलून पाठवतोय. इथून जड काही जात नाही, तुकडे होऊन येईल. कारकुनाला ऐकवायला सांग. तुकडे मागेपुढे झाले तर क्रमाने लावायचे, हे तुला मी काय सांगणार."

मावशीने तिला ते तीनदा वाचायला लावलं. मग उठून पुस्तकाजवळ आली आणि उघड्या पानावर पंजा ठेवला, अगदी हलका.

"म्हणजे यात आवाज आहे?"

"हो."

"यांचा?"

"हो."

"आणि मी आल्या क्रमाने बांधलं," मावशी म्हणाली. "नंबर बघितलेच नाहीत. त्यांनी माझ्यावर सोडलं होतं."

तिची समजूत काढायचा भाचीने प्रयत्न केला, पण मावशीने हात हलवून तिला गप्प केलं. तिला समजूत नको होती. तिला तो एक शब्द हवा होता. बावीस वर्षं तो तिच्याच कपाटात, तिच्याच शिवणीत पडून होता, आणि आता तो निघतो की नाही एवढाच प्रश्न उरला होता.

मग कामाला सुरुवात झाली. भाचीने पानांचे फोटो काढून मशीनला वाचायला दिले, पण मशीनचे डोळे मावशीच्या डोळ्यांपेक्षा अधू निघाले. शून्याला ओ म्हणायचं, एकाला एल म्हणायचं. एक चूक झाली की तिथला आवाज बिघडणार. तेव्हा रोज दुपारच्या सुट्टीत भाची दुकानात यायची, डबा बाजूला ठेवायची आणि दोघी ताडून बघायला बसायच्या. मावशी भिंग धरून पानावरचं वाचायची, भाची पडद्यावर बघायची. "मोठा आर, लहान क्यू, सात, लहान क्यू, मोठा झेड." शेजारच्या किराणावाल्याला वाटलं, मावशी आता इंग्रजी शिकतेय. त्याने कौतुकाने विचारलंसुद्धा. "शिकतेय कसली," मावशी म्हणाली, "नवऱ्याची सही समजून घेतेय."

चौथ्या दिवशी ते घडलं. तीन नंबरच्या तुकड्यात एका जागी जुना डाग होता, बहुतेक खळीचा, आणि त्याखाली पाच अक्षरं पार पुसली होती. भाची म्हणाली, ही गेली. मावशीने भिंग खाली ठेवलं आणि पानाकडे न बघता सांगितलं, "लहान टी, मोठा डब्ल्यू, नऊ, लहान जे, लहान जे."

भाचीने तिच्याकडे पाहिलं.

"वाचायचे ना मी," मावशी म्हणाली, जरा ओशाळून. "दर वर्षी ते गेले त्या तारखेला एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत. डाग पडायच्या आधीपासून. अर्थ लागेल असं वाटायचं नाही. पण दुसरं काही नव्हतं त्यांचं वाचायला."

भाचीने खात्री म्हणून वरखालच्या ओळी झाकून तिला विचारल्या. मावशीने त्या म्हणून दाखवल्या, मोठं-लहान एकही न चुकता. भाचीचा घास डब्यातच राहिला. जगात कोणी पाढे पाठ करतं, कोणी स्तोत्रं. ही बाई बावीस वर्षं एका माणसाच्या आवाजाची अक्षरं पाठ करत होती आणि तो आवाज आहे हे तिला माहीत नव्हतं.

आणखी एक पान होतं. त्यावर तीच ती चार-पाच अक्षरं पुन्हा पुन्हा, अख्खं पान भरून. मावशी त्याला "हात अडकलेलं पान" म्हणायची. तिची कल्पना अशी, की टाइप करता करता काकांचा हात तिथेच राहिला असावा, कदाचित त्यांना बरं वाटत नसावं. भाचीने त्या पानाबद्दल काही सांगितलं नाही. तिला अंदाज आला होता, पण अंदाजावर बोलायची ही जागा नव्हती.

बाराव्या दिवशी सातही तुकडे क्रमाने लागले. हरवलेल्या शेवटच्या अक्षरांच्या जागी भाचीने नाइलाजाने सगळीकडे एकच अक्षर घातलं, आणि लॅपटॉपचा आवाज वाढवला. खरखर आली. मग खरखरीतून कोणीतरी बोलू लागलं, विहिरीच्या तळातून बोलावं तसं. माणूस आहे, पुरुष आहे, मराठी आहे, एवढं कळत होतं. शब्द एकही हाताला लागत नव्हता. पस्तीस सेकंदांनी ते थांबलं.

मावशी लॅपटॉपला कान लावून बसली होती. "तेच आहेत," ती म्हणाली. "खाकरले कसे बघ ना. पुन्हा लाव."

भाचीने पुन्हा लावलं. दहा वेळा लावलं. वेगवेगळी अक्षरं घालून पाहिली, ऑफिसातल्या आवाजाच्या जाणकाराकडून गाळून आणलं. विहीर थोडी उथळ झाली, इतकंच. ओळीमागे एक-दोन अक्षरं, पण चारशेच्या वर ओळी, आणि प्रत्येक हरवलेल्या जागी चौसष्ट शक्यता. ते सगळं चाचपून बघायला जगातली सगळी मशीनं आणि सगळा काळ पुरला नसता. तिने मावशीला तसं स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावण्यापेक्षा बरं.

"ती शेवटची अक्षरं मिळाली तरच शब्द कळतील. आणि ती कातरणीबरोबर गेली."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "गेली कुठे?" ती म्हणाली. "कातरण मी टाकते का कधी?"

मावशीचे गुरू, म्हातारे बाइंडर, यांची एक रीत होती. ज्या पुस्तकाची कड कापली त्याचीच कातरण त्याच्या पाठीत भरायची. पट्ट्यांची उंची पाठीएवढीच असते, त्या खळ लावून एकीवर एक चिकटवायच्या, वरून कापड ओढायचं. पाठ भरीव होते आणि पुस्तकाचं काही वाया जात नाही. आता असं कोणी करत नाही, गठ्ठ्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या मिळतात. मावशी करायची, सवयीने. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारीही, काही न सुचणाऱ्या त्या दुपारीही, तिचे हात सवयीने चालले होते.

"पाठ फाडावी लागेल," भाची हळूच म्हणाली. मावशीने आयुष्यात स्वतःसाठी बांधलेलं हे एकच पुस्तक होतं.

"फाडायची कशाला? मी पिठाची खळ वापरते, सरसाचा गोंद नाही. माझं काम सुटं करता येतं." एवढ्यातही तिला जरा अभिमान वाटलाच.

तिने हात धुतले. टाके कापले, कापड सोडवलं, आणि पाठीवर ओलं फडकं घालून दोघी बसून राहिल्या. तासाभराने तिने हाडाची पट्टी घेतली. भाचीने दिवा धरला. बोटभरसुद्धा रुंद नसलेल्या, पानाएवढ्या लांब पट्ट्या, चौदा. पहिली निघाली. दुसरी निघाली. छपाईची शाई जागची हलली नव्हती. प्रत्येक पट्टीवर वरपासून खालपर्यंत अक्षरांची एक रांग, कुठे दोन. अकरावी मधेच फाटली तेव्हा भाचीच्या तोंडून आवाज निघाला. "गप्प," मावशी म्हणाली, "दोन ओळींच्या मधे फाटलीय, अक्षर शाबूत आहे." तिचे हात अजिबात थरथरत नव्हते. दुकान का बंद करतेय ही, असा प्रश्न भाचीला त्या क्षणी पडला.

पट्ट्या पानांच्या क्रमानेच चिकटवलेल्या होत्या, तरी त्यांनी एकेक पानाशेजारी लावून पाहिली. पानावरचा अर्धा आर आणि पट्टीवरचा अर्धा आर जुळला. अर्धा आठ आणि अर्धा आठ. भाचीने अक्षरं भरायला घेतली आणि तिला पहिल्या वर्षीचं ते नवल पुन्हा वाटायला लागलं, याच्या शंभरपटीने. एक माणूस जगाच्या टोकाला तोंडासमोर यंत्र धरून चार वाक्यं बोलला. त्याची अक्षरं झाली, अक्षरांचे तुकडे झाले, तुकडे मागेपुढे होऊन समुद्र ओलांडून आले, कागदावर छापले गेले, शिवले गेले, पात्याखाली आले, खळीत बुडाले. आणि कोणा अनोळखी लोकांनी कधीकाळी ठरवून ठेवलेल्या साध्या नियमांमुळे, की प्रत्येक तुकड्यावर नाव घाला, नंबर घाला, एकूण किती ते सांगा, ते सगळं अजून जोडता येत होतं. आपण हे काम पगारासाठी करतो याची तिला लाज वाटली नाही, पण आपण हे विसरलो होतो याची वाटली.

"झालं," ती म्हणाली.

मावशीने पदराने चष्मा पुसला, जणू ऐकायलाही तो लागणार होता.

वारा. खूप वारा, आणि भिंतीवर काहीतरी आपटत असल्याचा आवाज. मग खाकरणं. मग काका, इतके जवळून, की मावशीने मान वळवून मागे पाहिलं.

"ऐकतेयस ना? बरं. तू विचारलंस, येणार की नाही, एका शब्दात सांगा."

आणि मग काही नाही. वारासुद्धा नाही. वारा मधेच पडला होता, उरलेले बारीक आवाज यंत्राने गाळून टाकले होते, नुसती शांतता होती. भाचीने पडद्यावर बोट ठेवलं. "हे तुझं हात अडकलेलं पान," ती कुजबुजली. "हात नाही अडकला, शांततेची अक्षरं सारखीच येतात. ते गप्प आहेत."

एक अख्खं पान काका गप्प राहिले. तीन-सव्वातीन सेकंद.

"हो," काका म्हणाले. तो एकच शब्द, पण त्यात थकवा होता, हसू होतं, आणि हरल्याचा आनंद होता. कागदावर यातलं काहीच आलं नसतं. "सही केली नाही मी या वेळी. पुढच्या बोटीने निघतो. आता तूही एका शब्दात सांग. रागावलीयस का अजून? कळव लवकर, म्हणजे झोप लागेल."

आवाज थांबला.

मावशी रडेल असं भाचीला वाटलं होतं. ती रडली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस वाट बघितली त्यांनी. मी कळवलंच नाही."

भाचीने मावशीचा हात धरला. खळीने तो चिकट झाला होता.

थोड्या वेळाने मावशी लॅपटॉपकडे तोंड करून, समोर माणूस बसलाय अशा आवाजात म्हणाली, "नाही हो." मग भाचीला म्हणाली, "हे पाठव त्यांना. वर पत्ता आहे ना छापलेला."

"मावशी, तो पत्ता आता नाही. ते केंद्रच बंद झालं. पत्र परत येईल."

"येऊ दे परत. माझं पाठवायचं राहिलंय, पोचायचं मी कुठे म्हटलं?"

भाचीने लिहिलं: नाही हो. आणि पाठवलं. मिनिटभरात ते परत आलं. मावशीला पडद्यावरचं नीट दिसेना, म्हणून भाचीने सवयीने ते आतून उघडून दाखवलं. परत आलेल्या पत्राचे तीन भाग असतात. पहिल्या भागात माणसांसाठी लिहिलेलं, की हा पत्ता सापडत नाही. दुसऱ्यात तेच मशीनसाठी. आणि तिसऱ्यात, हद्दीच्या दोन ओळींच्या मधे, मूळ पत्र जसंच्या तसं, कोणी न उघडलेलं.

"छापून आण," मावशी म्हणाली.

पुढच्या शनिवारी मावशीने पुस्तक पुन्हा बांधलं. या वेळी एकपासून सातपर्यंत, क्रमाने. प्रत्येक पानाच्या कडेला त्याची पट्टी पातळ कागदाने जोडली, आणि सगळ्यात शेवटी परत आलेलं पत्र शिवलं. पट्ट्या कुठे रुंद होत्या, कुठे अरुंद, शेवटचा कागद तर वेगळ्याच मापाचा होता. पुस्तक दाबाच्या शिकंज्यातून निघालं तेव्हा त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी पुढेमागे होती. भाचीने कटिंग मशीनकडे बघितलं आणि मग मावशीकडे.

मावशीने मागच्या खिळ्यावरचा गुण्या काढून तिच्या हातात दिला.

"लाव," ती म्हणाली. "बघ किती वाकडं झालंय ते."